'सप्तरंगी'चा वाक्यात उपयोग

मंडळी, दुपारपासून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून टाकते.

लातुरात एका क्लासमध्ये मी दहावीला मराठी शिकवते. आज चाचणीत 'सप्तरंगी'चा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करायला सांगितला. बहुतेकांनी गाईडमधलं इंद्रधनुष्य उतरवलं. मुदखेडच्या रेणुकानं लिहिलं, "लोलकातून दिसतात तसे सात रंग असलेलं. आमच्या होस्टेलच्या पिण्याच्या पाण्यावर सप्तरंगी तवंग असतो."

होस्टेल क्लासचंच. मधल्या सुट्टीत तिच्यासोबत गेले. ग्लास भरला. वर खरंच सगळे रंग, आणि वास डिझेलचा.

"हे पिता तुम्ही?"

"हाव मॅडम. दुसरं न्हाईच. टँकरचं हाय."

तो ग्लास मी क्लासच्या संचालकांच्या टेबलावर ठेवला आणि रेणुकाचं वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी ग्लासकडं बघितलंसुद्धा नाही. आपल्या बाटलीतलं पाणी पीत म्हणाले, "पोरगी लई आगाऊ हाय. त्या वाक्याचे मार्क कापा."

किळस आली मला. मी पूर्ण मार्क दिले आणि तिच्या वडिलांना फोन लावला. सगळं ऐकून ते हळूच म्हणाले, "मॅडम, बोभाटा नका करू. काढून टाकतील तिला."

तुमची मुलं बाहेर शिकत असतील, तर आज फोनवर मार्कांऐवजी पाण्याचं विचाराल का?