खारं पाणी, जळकं ऑइल आणि डिंभ्याच्या वरचं वळण

भीमाशंकरला जायचं ठरलं ते सासूबाईंच्या बोललेल्या नवसामुळे, आणि जीपनं जायचं ठरलं ते माझ्या दिराच्या हट्टामुळे. रवी म्हणाला, "दादा, एस्टीनं काय जायचं राव? फोर व्हील ड्राइव्ह दारात उभी हाय." दारात म्हणजे बोरी बुद्रुकला, आमच्या गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली. लिलावातनं घेतलेली, ताडपत्रीची, मागं समोरासमोर दोन बाकडी असलेली जुनी जीप. आम्ही दोघं नोकरीनिमित्त भोसरीला राहत होतो, पण मे महिन्यापासून मी मुलीला, मनूला, घेऊन गावीच राहायला आले होते. जूनपासून रवी त्याच जीपमधून वाडीवरच्या पोरांना नारायणगावच्या शाळेत नेणार होता. चार वर्षं हे करून बघ, ते करून बघ झाल्यावर हातात आलेलं त्याचं पहिलं धड काम. आणि त्या पोरांत पहिलं नाव मनूचं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

सकाळी ऊन चढायच्या आत निघालो. पुढं रवी आणि सासरे, म्हणजे आबा. मागं सासूबाई, मनू, मी आणि आमचे हे. नारायणगावात डिझेल भरून घ्या, पुढं भरवसा नाही. ओझरला विघ्नहराच्या पाया पडलो. सुट्टीमुळे रांग होती, पण सरकत होती. मग जुन्नर, आणि जुन्नरहून घोडेगावची वाट धरली. रस्ता अरुंद, कडेला कैऱ्यांनी लगडलेली झाडं, मध्येच असा खड्डा की सासूबाईंच्या तोंडातला देव गिळला जावा. घोडेगावात मिसळ खाल्ली. झणझणीत होती, नाकातनं पाणी आलं. तिथं पोटभर खाऊन घ्या, वर गेल्यावर चहा-भज्यांवर भागवावं लागतं.

शिनोली मागं पडली तेव्हा पहिल्यांदा आवाज आला. कुईं... खट्. थोडं थांबून परत.

"रवी, काय वाजतंय?" मी विचारलं.

"सीट वाजतंय वहिनी. जुनी गाडी हाय, बोलनारच."

"सीटवर मी बसलेय. सीट बोललं तर आधी मला कळेल!"

आबा हसले. ह्यांनी मात्र कान टवकारले. हे भोसरीत पत्र्यांना रंग द्यायच्या कारखान्यात, लोखंडाचं दुखणं ह्यांना आवाजावरनं कळतं असा ह्यांचा स्वतःचा दावा.

डिंभे धरण ओलांडून चढ लागला. खाली धरणाचं पाणी, मे असल्यानं काठाला तांबड्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडलेला. करवंदं विकायला बसलेल्या बायांकडनं द्रोण घेतले. मनूच्या ओठांना चीक लागला म्हणून मी तिचं तोंड पुसायला वाकले, तर पायाखालच्या रबराच्या चटईच्या कडेनं धूळ वर येत होती. चटई उचलली. खाली पत्रा नव्हताच. वीतभर भोकातनं डांबरी रस्ता पळताना दिसत होता.

माझा जो जीव उडाला! मनूला उचलून मांडीवर घेतलं आणि ओरडले, "रवी, थांबव!"

"वहिनी, वळण हाय, वळणावर कशी—"

पुढचं त्याला बोलताच आलं नाही. खाटकन आवाज झाला आणि गाडी मागच्या डाव्या अंगाला बसली. सासूबाई माझ्या अंगावर, करवंदं सगळीकडे. रवीनं ब्रेक दाबला. हे उडी मारून उतरले आणि मागच्या चाकांना दगड लावले, तेव्हा कुठं मी श्वास सोडला.

हे खाली सरपटत गेले. बाहेर आले ते तोंड पाडूनच. "मागचा स्प्रिंगचा पाटा चासीला, गाडीच्या सांगाड्याला, जिथं धरलेला असतो ना, ते ब्रॅकेट निम्मं उचकटलंय. सगळे उतरा."

आणि तेवढ्यात वरनं भीमाशंकरची एस्टी आली. भरलेली. वळणावर ना तिला जागा, ना आम्हाला. तिच्या मागं आणखी दोन गाड्या येऊन थांबल्या, हॉर्न सुरू झाले. कंडक्टर उतरून आला, खाली वाकून बघितलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं. "पावणं, हितं उभी ठेवून न्हाई चालायचं. मागं पन्नास पावलांवर रुंद जागा हाय, तितवर उतरवा हळूहळू."

मागं म्हणजे उतारावरनं उलटं, आणि त्या बाजूला कठडासुद्धा नाही. ह्यांनी नायलॉनचं दावं घेऊन चाकांचा आस आणि चासी एकमेकांना आवळून बांधली. स्टिअरिंगला हे हात घालणार, तर रवी म्हणाला, "दादा, मी नेतो. ब्रेक मला म्हाईत हाय हिचा." आबा एवढंच बोलले. "दाराचा कापडी पडदा काढून टाक, पोरा. उडी मारायची वेळ आली तर आडवा नको यायला."

ते ऐकून सासूबाई मटकन रस्त्याकडेला बसल्या. मी मनूचं तोंड माझ्या पोटात दाबून धरलं. तिनं बघू नये म्हणून म्हणा, की मला धरायला काहीतरी हवं होतं म्हणून म्हणा. हे चाकाबरोबर दगड हातात घेऊन चालत होते. रवी मान मागं वळवून, दात आवळून, इंचाइंचानं गाडी सोडत होता. वीतभर सरकली की हे दगड टाकायचे. "सोड. थांब. सोड." सगळी एस्टी खिडकीतनं बघत होती.

निम्म्यावर दावं तुटलं.

ब्रॅकेट पूर्ण निघालं, गाडीचा डावा कोपरा धाडकन चाकावर आदळला आणि चाक तिथंच जाम झालं. जाम झालं म्हणून वाचलो. डाव्या चाकापासून दरी हातभर होती, ती मी मोजली नाही, पण अजून डोळे मिटले की दिसते. रवी उतरला. मग एस्टीतली माणसं उतरली, बायासुद्धा, आणि "हईसा" करत अख्खी जीप खांद्यानं उचलून कडेला नेली. त्या लोकांची नावंही आम्ही विचारली नाहीत.

रस्ता मोकळा होईपर्यंत हे परत गाडीखाली गेले, स्क्रूड्रायव्हर घेऊन. चासीवर काळा, जाड थर होता. तो खरवडला तसे त्याचे पापुद्रे पडायला लागले. पापुद्र्यात वाळू होती. आणि एका पापुद्र्यात, तांदळाएवढा, पांढरा शिंपला.

हे तो शिंपला तळहातावर घेऊन रवीसमोर उभे राहिले. "दिवाळीत कोकणात नेलीस. पाण्यात घातलीस?"

"जरा... लाटंतनं फिरवली. सगळेच फिरवत व्हते."

"आल्यावर धुतलीस?"

"ऑइल मारलं व्हतं की दादा! दोन हात मारले!"

"मिठावर? ओल्या वाळूवर?" ह्यांनी स्क्रूड्रायव्हर चासीत खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला. "अरे, जूनपासून ह्यात पोरं बसणार होती! आपली मनू बसणार होती!" ह्यांचा आवाज फाटला. लग्नाला नऊ वर्षं झाली, मी ह्यांना इतकं चिडलेलं बघितलं नव्हतं. आणि खरं सांगते, मला रवीच्या एक मुस्कटात द्यावीशी वाटत होती.

तेव्हा दगडावर बसलेले आबा म्हणाले, "त्याला बोलू नगंस. मीच सांगितलं व्हतं, दर्यावरनं आलायस, जळकं ऑइल मार म्हनून."

 आमच्याकडे ही रीतच. इंजिनातनं काढलेलं काळं ऑइल फेकायचं नाही. नांगराला मारायचं, फावड्याला मारायचं, पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला मारायचं. आबांनी जन्मभर तेच केलं आणि त्यांचं लोखंड कधी गंजलं नाही, कारण आमच्याकडे वर बसते ती कोरडी धूळ. ऑइलाखाली मीठ कोंडलं जायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. "मला काय ठावं, मी दर्या बघितलाय कुठं?" आबा म्हणाले आणि तोंड धरणाकडे फिरवलं. ह्यांनी शिंपला खिशात टाकला.

त्याच एस्टीनं आम्ही खाली आलो. नवस राहिला. सासूबाई म्हणाल्या, "देव काय पळून जातोय व्हय?"

जीपचं जाम चाक दुसऱ्या दिवशी मोकळं केलं आणि ती ट्रॅक्टरला बांधून, घाट उतरताना मागं जाड साखळीनं आवरत, जुन्नरला नेली. तिथले वेल्डिंगवाले युनूसचाचा ह्यांचे जुने ओळखीचे आणि तितकेच तिरसट. ते म्हणाले वरनं पट्टी मारून देतो, हे म्हणाले बॉडी चासीवरनं उचला, आणि दोघं तासभर भांडले. शेवटी बॉडी उचलली. कुजलेला तुकडा कापून नवी जाड पट्टी आली, दोन्ही मागच्या चाकांपाशी, आणि भोकावर नवा पत्रा. रवी तिथंच राहिला, रोज तारेच्या ब्रशनं घासत.

आता तुमच्यापैकी जे जीप घेऊन समुद्रावर निघालेत त्यांच्यासाठी. लाटेत गाडी घालू नका. घातलीच, तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं खालनं धुवा. वरनं बादल्या ओतून काही होत नाही. आम्ही आता द्राक्षांवर औषध मारायचा पंप वापरतो, टाकी आधी स्वच्छ धुऊन. चासीच्या पोकळ नळ्यांना खाली भोकं असतात, ती तारेनं मोकळी करा, आतली वाळू निघाली पाहिजे. पाणी विहिरीचं घ्या, आमच्या बोअरचं मचूळ आहे, तसलं असेल तर उपयोग नाही. मग दोन दिवस कडक उन्हात वाळवा, खरवडा, गंज रोखणारं तांबडं रेड ऑक्साइड मारा, त्यावर तो काळा डांबरासारखा अंडरकोट. ऑइल मारायचं तर ह्या सगळ्यानंतर. आणि वर्षातनं एकदा हातोडीनं ठोकून बघा. चांगलं लोखंड ठण्ण बोलतं, कुजलेलं भद् करतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. सकाळी जीप पारापाशी उभी. वाडीवरच्या पाच-सहा बाया पोरांची दप्तरं धरून उभ्या, पण एकही पुढं होईना. घाटातली गोष्ट गावभर झालीच होती. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. रवी माझ्यासमोर आला, हातात हातोडी. चेहरा पार उतरलेला.

"वहिनी, तुमीच बघा. तुमी न्हाई म्हनला तर मी गाडी पत्र्याखाली लावतो."

मी धुतलेल्या साडीनिशी, पोतं अंथरून, गाडीखाली गेले. आबा न सांगता गुडघे टेकून बसले आणि बॅटरीचा उजेड धरला.  मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत गेले. ठण्ण. ठण्ण. नव्या पट्टीपाशी मुद्दाम जोरात मारली. ठण्ण.

बाहेर आले, पदर झटकला. मनूला उचललं आणि मागच्या डाव्या बाकड्यावर, बरोबर त्या चाकाच्या वर, नेऊन बसवलं.

मग बाकीच्या बाया पुढं झाल्या.