आरशातलं तळं

मंगळवारी दिवाळे गावात बोंबील आणायला निघालो आणि वाटेतच अडकलो. गावाबाहेरच्या मोकळ्या प्लॉटवर बोअरचं मशीन लागलं होतं... आणि मशीन दिसलं की माझे पाय आपोआप तिकडं वळतात.

तिथं मधुरा नावाची मुलगी होती, भूगर्भशास्त्र शिकलेली. आपल्या शहराखाली माणसानं भराव घालून टाकलेली जमीन कुठं, किती खोल आणि कशाची आहे, याचा नकाशा करतेय. ऐकूनच बरं वाटलं. अहो, त्यातली कितीतरी जमीन मीच टाकलीय... साताऱ्याहून आलो तो डंपरवरच चढलो. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं शिक्षण स्टिअरिंगवर.

या प्लॉटवर बालवाडी होणार आहे. मधुराच्या तीन बोअरना चार फुटांवरच कातळ लागला होता. म्हणजे नकाशात सगळी जागा 'पक्की' रंगणार आणि त्या भरवशावर पोरांच्या इमारतीचा पाया उथळ घेतला जाणार.

मी म्हटलं, "बाळ, इथं तळं होतं. खाडीचं पाणी भरायचं त्यात. आम्ही ते रॅबिट टाकून बुजवलंय." रॅबिट म्हणजे पाडलेल्या इमारतींचा मलबा... वरून मुरूम पसरला की कुणाला पत्ता लागत नाही.

"काका, नक्की कुठं?" मशीन दुपारी महाप्याला दुसऱ्या कामावर जाणार होतं, दोनच बोअर मारण्याइतका वेळ होता. मी रस्त्यावर उभा राहिलो, प्लॉटकडे पाहिलं आणि उजवा कोपरा दाखवला. महिनाभर तिथं खेपा टाकल्यात, चुकेन कसा?

मशीन घरघरलं... आणि चार फुटांवर पुन्हा कातळ.

मधुरानं वहीत चौथ्यांदा 'कातळ' लिहिलं. मशीनवाला म्हणाला, "चाचा, वो तालाब उठके चला गया क्या?"

तेवढ्यात हिराबाई आली. दिवाळ्याची कोळीण, माझ्याच वयाची, वर्षानुवर्षं मासळी तिच्याकडूनच घेतो. मी सगळं सांगितलं, तशी पाटी खाली ठेवून हसत सुटली.

"दादा, तू कवा आमच्या तल्याकडं तोंड करून आयलास? रोज ढुंगान करूनच येवाचास. आमी पोरी चिखलान खुबे येचीत असाचो, न् तुजा डंपर पाठमोरा आंगावर."

खरंच की... डंपर रिकामा करायचा तर रिव्हर्स घ्यावा लागतो. ते तळं मी समोरून कधी पाहिलंच नव्हतं, पाहिलं ते उजव्या बाजूच्या आरशात. माझा 'उजवा कोपरा' म्हणजे रस्त्याकडे तोंड करून बसलेल्याचा उजवा. प्लॉटकडे वळून उभं राहिलं की तो डावा होतो.

"मधुरा, चूक माझी. डाव्या कोपऱ्यात घे." शेवटचं बोअर तिला मधोमध घ्यायचं होतं. तिनं घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे... आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही दाखवा."

हिराबाई तरातरा गेली आणि एका जागी पाय रोवून उभी राहिली. "हितं ओहोटीला पन माज्या गल्याएवरं पानी व्हतं."

आधी मुरूम आला. मग विटांचे तुकडे, फरशी, गोणपाटाच्या चिंध्या... आणि पंधरा फुटांखाली काळाशार गाळ, त्यात खुब्याची शिंपली. हिराबाईनं बोटावर घेऊन वास घेतला आणि एवढंच म्हणाली, "आमचाच हाय."

आज मधुराचा फोन आला. बालवाडी कातळाच्या बाजूला सरकवा, असं तिनं रिपोर्टात लिहिलंय. नकाशावर तो कोपरा वेगळ्या रंगात आहे आणि माहिती देणाऱ्यांत पहिलं नाव हिराबाईचं, खाली माझं. क्रम अगदी बरोबर आहे.

जे मी एवढं बेमालूम झाकलं, ते पोरं वर नाचायला लागायच्या आत उघडं पडलं... हिराबाई, तुझे उपकार आहेत.

संध्याकाळी पुन्हा तिथं गेलो होतो. प्लॉटकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड केलं, उजव्या खांद्यावरून हळूच मागं पाहिलं... तळं जागच्या जागी होतं.