पांढरा लेप आणि शिसं

निजामाच्या अमलात मी देवी टोचणारी बाई होते. राहायची औरंगाबादेत, पण काम सिल्लोडकडच्या गावांत. देवीची साथ उठायची नेमकी उन्हाळ्यात, त्यामुळं भर उन्हात पायी नाहीतर बैलगाडीनं फिरावं लागायचं. नाकाची, गालांची कातडी सोलून निघायची.

गुलमंडीजवळ एक म्हातारे अत्तरवाले होते. मी त्यांना चाचा म्हणायची. त्यांनी स्वतः घोटलेला पांढरा लेप डबीत भरून दिला.

"ये लगाके जाओ बेटी. धूप का बाप भी कुछ नहीं करता."

खरंच ऊन लागेना. दोन उन्हाळे मी तो तोंडाला थापला आणि त्याच बोटांनी शिदोरीतली भाकरी मोडून खाल्ली.

थकवा नेमका कधी सुरू झाला, सांगता येणार नाही. सकाळी उठतानाच अंग जड. पोटात मुरडा यायचा, तोंडाला तांब्याचा पैसा चाटल्यासारखी चव. घरची माणसं म्हणायची, बाईमाणसानं एवढं हिंडू नये. मलाही तेच पटलं होतं.

शेवटी सरकारी दवाखान्यातल्या हकीमसाहेबांकडं गेले. त्यांनी नाडी पाहिली, मग ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. दातांच्या कडेनं निळसर रेघ होती.

"तोंडाला काय लावता, बाई?"

मी डबी दिली. त्यांनी बोटभर लेप कोळशाच्या निखाऱ्यावर टाकला आणि फुंकणीनं फुंकत राहिले. लेपातलं मेण धुरात गेलं. मागं बाजरीच्या दाण्याएवढा चकचकीत थेंब उरला. तो निवल्यावर त्यांनी कागदावर घासला. करडी रेघ उमटली.

"शिसं आहे. यातली पांढरी पूड म्हणजे शिशाचा सफेदा. जस्ताचाही सफेदा असतो, तो उन्हाला अडवतो अन् अंगाला बाधत नाही. पण बाजारात दोन्हींनाही सफेदाच म्हणतात. दिसायला दोन्ही पांढरेच."

मी रागानं तडक चाचांच्या दुकानात गेले. "चाचा, तुम्ही मला विष दिलंत," म्हणाले. डबी त्यांच्यापुढं ठेवली. डबी उघडायला त्यांनी हात पुढं केला, तेव्हा माझं लक्ष गेलं. मनगट खाली लोंबत होतं. झाकण दातांनी उघडावं लागलं.

"हात कधीपासून असा?"

"तीन-चार साल. बुढापा है, बेटी."

तीस वर्षं ते हा लेप हातानं घोटत होते. त्यांचे वडीलही घोटायचे. माझा राग तिथंच बसला. मी दुकानाच्या पायरीवर टेकले, कारण उभं राहायचीही ताकद नव्हती. मग सगळं सांगितलं: निखारा, थेंब, रेघ. चाचांनी दुसऱ्या हातानं ते मनगट उचलून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना टांग्यातून हकीमसाहेबांकडं नेलं. हातही शिशानंच लुळा पडलाय, असं ते म्हणाले. औषधं सुरू झाली. दुकानातला जुना सफेदा चाचांनी गावाबाहेर खड्ड्यात पुरून टाकला, आणि हकीमसाहेबांनी पारखून दिलेल्या जस्ताच्या सफेद्याचा नवा लेप केला. तो जरा जाडसर व्हायचा, गालावर पिठासारखा दिसायचा. गिऱ्हाइकांना नको असायचा. "पहिलेवाला दो," म्हणायची. चाचा मान हलवायचे. काही जण दुसऱ्या दुकानात जायचे. त्यांना कसं अडवणार?

मला माणसात यायला वर्ष लागलं. चाचांचा हात मात्र पूर्ण वर आलाच नाही.