शेवटच्या रांगेतली ताई

ताई नीट घरी पोचली असेल ना, ही काळजी धाकटीच्या मनातून जाईना. भाचीची वादविवाद स्पर्धा ऐकायला ताई सहा तास बसने राजधानीत आली आणि जेवायलाही न थांबता परतली.

तीस वर्षं तिने गिरणीत माग चालवले. त्या खडखडाटाने तिचे कान गेले, पण त्याच पगारावर धाकटी शिकली आणि राजधानीत स्थिरावली. पुढे गिरणी बंद पडली, गाव ओस पडलं, ताई मात्र तिथेच राहिली.

स्पर्धेचा विषय होता श्रीमंत देशातले गरीब प्रांत. धाकटीची लेक तावातावाने म्हणाली, "माझी मावशीच बघा! गाव मेलं तरी जागची हलत नाही. अशा ऐतखाऊंना आपण का पोसायचं?" टाळ्या पडल्या. धाकटीला कसंसंच झालं, तरी तिने मनाची समजूत घातली. शेवटच्या रांगेत बसलेल्या ताईला काय ऐकू येणार!

निघताना ताईने भाचीच्या गालावरून हात फिरवला. "छान बोललीस गं. फक्त ऐतखाऊ नाही हो मी, अजून दोन शाळांच्या फरशा पुसते."

तेव्हा कुठे धाकटीला आठवलं. मागांच्या गोंगाटात गिरणीतल्या बायका लांबून एकमेकींचे ओठ वाचूनच गप्पा मारायच्या. आणि हे कळूनही ती तशीच गप्प उभी राहिली होती.

आता तिने लेकीला हाक मारली.

"दिवा लाव आणि माझ्याजवळ बस. मावशीला व्हिडिओ कॉल करतेय. आपली तोंडं तिला नीट दिसायला हवीत. आधी मी बोलणार, मग तू."