कागदावरचा थेंब

नाकवाले काका आधी हुंगत, मग बोलत. मुलुंडला आमच्या शेजारच्या खोलीत राहणारा हा मालवणी माणूस व्हार्निशच्या कारखान्यात टर्पेंटाइन तपासायचा. पिंपाचं बूच काढलं की लगेच सांगे, "ह्यात रॉकेल आसा." भेसळीच्या मालाचं व्हार्निश वाळत नाही, चिकट राहतं, त्यामुळे सगळा कारखाना त्यांच्या नाकावर चाले.

"चिडाच्या झाडाक खाच पाडली की चीक गळता," ते कौतुकाने सांगत. "तो उकळलो की वाफेतून टर्पेंटाइन गावता, खाली उरता ती राळ. रंग, बुटाचा पॉलिश, देवापुढचो कापूर, सगळ्याक ह्याच लागता!"

मग विषमज्वराने त्यांची वास घ्यायची शक्तीच नेली. हे त्यांनी फक्त मला सांगितलं. काकू अंथरुणाला खिळलेली. नोकरी गेली तर तिचं औषध बंद. म्हणून ते चोरून बाटलीतून नमुना घरी आणत आणि कागदावर थेंब टाकत. शुद्ध असेल तर उडून जातो, रॉकेल असेल तर तेलकट डाग राहतो.

एका रविवारी काकूला इस्पितळात न्यायचं होतं. थेंब टाकलेला कागद माझ्या हाती देऊन काका म्हणाले, "चेडवा, सावलीत सुकव नि डाग ऱ्हवता काय बघ. घाई करू नको हां."

मी सतरा वर्षांची, मॅट्रिकला आपटलेली आणि स्वतःला नटी समजणारी. गोरेगावला शूटिंग बघायला जायचं म्हणून साडीला इस्त्री करत होते. कागद वाळेना. मग काय, बाईसाहेबांनी त्याच्यावरूनही इस्त्री फिरवली! पेटला नाही हेच नशीब. कागद कोरा करकरीत. संध्याकाळी ऐटीत सांगितलं, "काका, माल झकास!"

गरम इस्त्रीखाली रॉकेलही उडतं, हे या दीडशहाणीला कुठं ठाऊक?

काकांनी तो माल पास केला आणि महिन्याभरात त्याचं व्हार्निश लावलेली चिकट कपाटं गिऱ्हाइकांकडून कारखान्यात परत आली. काका आमच्या दारात आले. "सावलीतच सुकवलंस मा?"

"हो, काका."

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. "मग माझोच हात चुकलो. आता माका हातय नाय नि नाकय नाय."

मी इस्त्री फळीवर मागे सरकवली.

काकांची नोकरी गेली. आजारी काकूला घेऊन गावी निघाले, तेव्हा दारात मला हाक मारली. "साहेबाच्या पाया पडून इलंय. माझ्या जागेर तुका घेतीत. कागदावरचो डाग बघूक तुझी नजर बरी आसा."

आणि मी, निर्लज्ज, सोमवारी कामावर हजर झाले.