रॉकेल लागलेली काजळी

"अरे मेल्या, ही चीर बुजवलीस की लापशी ओतलीस?" परळच्या कारखान्यात फोरमन एवढा ओरडला की वडाळ्याच्या मिठागरातले बगळे उडाले. पंपाच्या चिरेत मी भरलेलं विलायती इपॉक्सी, म्हणजे वाळून दगडासारखा व्हायचा तो लेप, ओघळत होतं. त्यात काजळी घोटली की वर हत्ती नाचवला तरी फुटत नाही, ही फुशारकी माझीच. त्या कामावर माझी नोकरी कायम होणार होती. फोरमनने तिथेच हाकललं.

काजळी ओलसर लागली होती खरी, पण परळात कोरडं असतं काय? चाळीत आल्यावर कळलं, शेजारच्या मित्राने संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा भिंतीवर रंगवायला माझ्या काजळीच्या डब्यात रॉकेल कालवलं होतं आणि उरलेलं गुपचूप परत ठेवलं होतं.

"सांगायचंस तरी रे! माझा लेप वाळलाच नाही."

"भिंतीवरचंही अजून ओलंच आहे," तो म्हणाला.