कागदाएवढा धक्का

मार्था मच्याडो बाईंना त्यांच्याच संस्थेच्या संचालकांनी फसवलं. अंतराळयानासाठी बाईंनी जन्मभर खपून तयार केलेलं इंजिन त्यांनी ऐन चाचणीत बंद करायला लावलं आणि मग ते नापास झालं असं जाहीर केलं. कारण काय, तर पंप जुन्या बाजारातला होता. तो पंप माझा. संस्थेचं नाव लिहीत नाही, माझं भांडण इमारतीशी नाही. ज्याला लागायचं त्याला लागेल.

मी पास्कल, पाचूबंदरचा. बापाची होडी होती, पण मला समुद्रात उलट्या व्हायच्या. बंदरावर अजून त्यावरून हसतात, हसू देत. होड्यांची जुनी इंजिनं दुरुस्त करून विकता विकता वसई पूर्वेला स्वतःचं गोदाम केलं. माझ्याशी सौदा करून खूश होऊन गेलेलं गिऱ्हाईक मला आठवत नाही. एक सोडून.

एका बंद पडलेल्या औषध कारखान्यातले पंप मी उचलले होते. हे पंप पाणी नाही, हवा ओढतात. ते बघायला बाई आल्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. भाव विचारलाच नाही.

"चालू करा."

"चालतो म्हणतोय ना मी."

"तुम्ही म्हणता. पंप काय म्हणतो ते ऐकू या."

आधी तळवा ठेवला, मग सरळ कान लावला. पांढऱ्या केसांना काळं तेल लागलं. मग स्टूल ओढून त्याच्याशेजारी बसल्या त्या बसल्याच. दुपार कलली. माझं डोकं तापलं.

"बाई, घ्यायचाय की नुसता ऐकायचाय?"

"गरम झाल्यावरच खरं बोलतो तो. तुमच्यासारखाच."

माझी माणसं तोंड फिरवून हसली. शेवटी बाई उठल्या. "मागचं बेअरिंग बदलून द्या. मग भाव सांगा. मी पाडून मागणार नाही." पाडून न मागणाऱ्या गिऱ्हाइकाला चढवून सांगता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. रागारागातच मी वाजवी भाव सांगून बसलो.

पंप पोचवायला गेलो तेव्हा त्यांची प्रयोगशाळा पाहिली. मध्ये पाण्याच्या टँकरएवढी पोलादी टाकी आडवी पडलेली, तिला जाड काचेची एक खिडकी. "यातली हवा उपसायची. आत अंतराळासारखी पोकळी झाली की इंजिन चालवायचं," बाई म्हणाल्या.

"होडीतलं पानी उपसतात तसं?"

"अगदी तसंच. आणि होडीसारखंच, उपसणं थांबवलं की संपलं."

मग त्यांनी टेबलावरचा एक कोरा कागद उचलून माझ्या तळव्यावर ठेवला. "किती वजन लागतं?"

"काहीच नाही."

"माझ्या इंजिनाचा धक्का एवढाच."

मी मोठ्याने हसलो. "बाई, यानं माझ्या बापाची रिकामी होडी हलणार नाही!"

"पाण्यात नाही हलणार. वर अडवायला ना पाणी, ना हवा. कागदाएवढा धक्का न थांबता देत राहिलं, की वेग चढतच जातो. मोठी रॉकेटं थोडा वेळ गर्जतात आणि विझतात. हे महिनोन्‌महिने ढकलतं. फक्त थांबायचं नाही."

राजोडीजवळच्या केळीच्या वाडीत वाढलेली ही बाई. त्यांच्या बरोबरीचे सगळे आगीच्या आणि धुराच्या मागे गेले, यांनी विजेवर चालणारं हे मुकं इंजिन धरलं. चालू झालं की टाकीत निळा उजेड दिसायचा. सहकारी त्याला 'बाईंची उदबत्ती' म्हणायचे. एकदा माझ्यासमोरच कोणी तसं म्हणालं. मी बाह्या सरसावल्या, तर बाई त्याला शांतपणे म्हणाल्या, "उदबत्ती तर उदबत्ती. येता-जाता फुंकर मारू नकोस म्हणजे झालं."

बाजारातही हीच तऱ्हा. माझी आई बंदरावर मासळी विकायची. बाई पापलेटाचा कल्ला उघडून इतका वेळ बघत राहायच्या, की आई करवादायची, "अगो बाय, मावरं हाय ते, तुजी मशीन नाय!" बाई हसायच्या, पण बघून झाल्याशिवाय मासा खाली ठेवायच्या नाहीत.

तर ती चाचणी. इंजिन कितीतरी महिने न थांबता चालवून दाखवायचं होतं. चालत होतं. बाई रोज सकाळी पंपावर हात ठेवायच्या आणि मग चहा घ्यायच्या. त्याच दिवसांत संस्थेच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन निघालं. मोठे पाहुणे, थंड हवेची नवी यंत्रं, दिव्यांच्या माळा. बाईंना पुढच्या रांगेत बसवलं होतं. मी पंपाचं तेल बदलायला आलो होतो. सभागृहातली वीज पुन्हा पुन्हा जाऊ लागली, तसे संचालक स्वतः खाली आले.

"प्रयोगशाळेची लाइन काढा. थोड्या वेळाचा तर प्रश्न आहे."

सोबतचा इलेक्ट्रिशियन घुटमळला. "साहेब, बाईंना विचारून येतो."

"इथे विचारायचं मला."

मी स्विचबोर्डासमोर आडवा उभा राहिलो. "हात लावून बघा कोणी!" दोन रखवालदारांनी मला ओढून बाजूला केलं. दांडा खाली आला. निळा उजेड गेला. पंपाचा आवाज खोल जात जात बसला. पंप आणि टाकीमधली झडप लागायच्या आत टाकीत हवा शिरली, आणि तापलेल्या इंजिनाला हवा लागली की त्याच्या आतला एक भाग कायमचा जातो. वर टाळ्या वाजत होत्या.

बाई धावत आल्या. पंपावर तळवा ठेवला, खूप वेळ ठेवला. "पास्कल, तुझ्या पंपाचा काही दोष नाही," एवढंच म्हणाल्या.

पुढे समिती बसली. पंप बंद पडला, इंजिन नापास, काम बंद. टाकीला कुलूप लागलं. मला कोणी बोलावलं नाही. मी संचालकांच्या काचा फोडायला निघालो होतो. बाईंनी गोदामाच्या दारातच अडवलं. "तू एकदम धक्का देतोस, पास्कल. आवाज होतो, हलत काही नाही."

मग त्यांनी स्वतःचा धक्का सुरू केला. दर सोमवारी संचालकांच्या दारात उभ्या राहायच्या. "चाचणी पुन्हा घ्या." नोकरी संपली तरी सोमवार चुकला नाही. एकदा संचालक म्हणाले, "बाई, आता तरी सोडा."

"तुमचं म्हणणं ऐकलं. आता इंजिनाचं ऐका."

यंदा बाई गेल्या. अंत्यविधीला देवळात माणूस मावत नव्हता. मिस्साची प्रार्थना झाल्यावर संचालक माईकपाशी आले आणि म्हणाले, "अपयश हसतमुखाने कसं स्वीकारावं, हे मच्याडो बाईंनी आम्हाला शिकवलं."

मी उभा राहिलो. "कुठलं अपयश?"

फादर लगबगीने आले, खांद्यावर हात ठेवला. "पास्कल, देवळात आहेस."

"म्हणूनच विचारतो, फादर. इथे तरी त्यांना खरं बोलू द्या."

सगळं देऊळ त्यांच्याकडे बघत होतं. संचालकांनी चष्मा काढला, पुसला, आणि जागेवर जाऊन बसले.

आता सोमवारी मी जातो. रखवालदार मला बघून म्हणतो, "आला वाटतं सोमवार." मी आरडाओरडा करत नाही, ही गोष्ट माझ्या बायकोला अजून खरी वाटत नाही.

संचालक साहेब, मी व्यापारी माणूस आहे. सौदा सांगतो. टाकीचं कुलूप काढा. इंजिनाचा गेलेला भाग बदला, माझा तोच पंप लावा आणि चाचणी पुन्हा घ्या. इंजिन चाललं नाही, तर मासळीच्या भर लिलावात, पाचूबंदराच्या धक्क्यावर उभा राहून मी तुमची माफी मागेन. आणि चाललं, तर तुम्ही त्याच देवळात, त्याच माईकपाशी उभं राहायचं आणि दांडा कोणाच्या हुकमाने खाली आला ते सांगायचं.

मला माहीत आहे. इलेक्ट्रिशियनला माहीत आहे. तुमच्या तोंडून हवं आहे.

बोला, कोणी सांगितलं होतं?